दुसऱ्या दिवसाची सेवा



दयाळू शोमरोन्याचा दाखला (लूक १०) आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याने जखमी माणसाला मलमपट्टी केली, आपल्या जनावरावर बसवून सराईत आणले. दुसऱ्या दिवशी मात्र तो दोन दिनार देऊन पुढच्या प्रवासाला निघून गेला. मागे राहिला सराईवाला. त्याच्यावर सहसा प्रवचन होत नाही. पण रुग्णवाहिकेवर सेवा देणारे तरुण जमवणाऱ्यांना त्याचाच प्रश्न सतावतो : पहिल्या दिवशी उत्साहाने आलेला स्वयंसेवक दुसऱ्या वर्षीही कसा टिकेल?

याबाबतीत इटलीतील फ्लॉरेन्स शहराचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. तेथील 'मिझेरिकॉर्दिया' म्हणजे 'दया' या नावाचा प्रापंचिकांचा भ्रातृसंघ आपली सुरुवात इ. स. १२४४ पासून मानतो. व्हेरोनाचे संत पीटर यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. कथेप्रमाणे, शहरातील हमालांनी आपसात नियम केला की, जो शिवी देईल त्याने दंड भरावा. त्या पैशातून सहा डोल्या आल्या आणि हमाल पाळीपाळीने आजाऱ्यांना वाहून नेऊ लागले. (आपल्याकडे अशी पेटी ठेवली तर किती रुग्णवाहिका येतील, हा हिशेब ज्याने त्याने करावा!)

पुढे कित्येक शतके हे बांधव काळा झगा आणि चेहरा झाकणारी टोपी घालून सेवा करीत. खांदा देणारा सरदार आहे की कारागीर, हे रुग्णाला कळत नसे. रुग्णाच्या घरी पेलाभर पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही, असा दंडक होता. मानधन नाही, कौतुकही नाही; तरी माणसे टिकली. का? माझ्या मते मुख्य कारण पाळी हे आहे. 'जमेल तेव्हा या' असे सांगितलेला माणूस हळूहळू यायचा थांबतो. ठरलेला वार, ठरलेले सोबती आणि पाळीचा एक प्रमुख असला की, आपल्यावाचून डोलीचा एक खांदा रिकामा राहील, हे त्याला ठाऊक असते. एकमेकांना 'देव तुम्हांला याचे फळ देवो' असे म्हणण्याची तेथे प्रथा आहे. २० जानेवारीला आश्रयदाते संत सेबॅस्टियन यांच्या सणाला आशीर्वादित पाव वाटले जातात.

आता झगा जाऊन अंधारात चमकणारा गणवेश आला आहे. कामही अवघड झाले आहे. तस्कनी प्रांतात प्रथमोपचारकांना प्राथमिक व प्रगत अशा दोन पायऱ्यांचे प्रशिक्षण आहे. डायलिसिसच्या रुग्णाला नेणे-आणणे हीसुद्धा अशा संघांची नित्याची सेवा. नवख्याने येथून सुरुवात करावी आणि ज्याची कंबर आता स्ट्रेचर उचलू देत नाही, त्यानेही येथेच राहावे. दोघांनाही जागा हवी.

खरी अडचण वेळेची. नोकरदार माणूस रात्री किंवा रविवारी येतो. सोमवारी सकाळी अकराला कोण? इटलीत १९७२च्या कायद्यानंतर, शस्त्र हाती घेण्यास विवेकबुद्धीने नकार देणारे तरुण लष्कराऐवजी नागरी सेवा करू लागले. त्यांतील अनेक जण रुग्णवाहिकांवर असत. २००५ मध्ये सक्तीची लष्करभरती थांबली आणि हा ओघ आटला. २००१च्या कायद्याने सुरू झालेल्या ऐच्छिक नागरी सेवेत तरुण-तरुणींना दरमहा भत्ता मिळतो. भत्त्यामुळे सेवेचे पावित्र्य घटते, असे काही म्हणतात. मला ते पटत नाही. बसभाड्यासाठी घरी हात पसरावा लागणारा मुलगा फार दिवस येत नाही.

आणखी एक गोष्ट. अपघातातून लहान मुलाचे शव उचलून आलेला स्वयंसेवक घरी काही बोलत नाही. पुढच्या पाळीला येत नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग यादीतून त्याचे नाव 'अनियमित' म्हणून कमी होते. पाळीच्या प्रमुखाने त्याच रात्री त्याच्याबरोबर चहा घेत अर्धा तास बसावे आणि आठवड्याने त्याच्या घरी जाऊन यावे.