तांब्याभर पाणी

आजचं वाचन: २ शमुवेल २३:१३-१७ आणि यशया ५८:६-७



उपवासकाळात आपण प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तीन गोष्टी ठरवतो. पहिल्या दोन जड जातात, तिसरी सोपी वाटते. क्यूआर कोड स्कॅन केला, पाचशे रुपये पाठवले, झालं. मलाही तसंच वाटायचं. गेल्या उपवासकाळापर्यंत.

त्या वर्षी आमच्या युवा गटाने शहापूर तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावर धान्य वाटायचं ठरवलं. मुलुंडहून कसारा लोकल पकडून आम्ही आसनगावला उतरलो आणि तिथून टेम्पोने पुढे गेलो. टेम्पोत तांदूळ, डाळ, तेल होतं आणि आमच्यासाठी बाटलीबंद पाण्याचे दोन खोके. दुपारी एक आजी पुढे आल्या. विहीर उताराच्या तळाशी, टँकर तिथेच रिकामा होतो. तिथून डोक्यावर हंडा घेऊन त्या चढून आल्या होत्या. त्याच हंड्यातून तांब्या भरून त्यांनी माझ्यापुढे धरला. "घे गं बाय, उन्हातून आलीस."

मी म्हटलं, "नको आजी, आहे माझ्याकडे." आणि बाटली उघडली.

आजी काही बोलल्या नाहीत. तांब्यातलं पाणी त्यांनी परत हंड्यात ओतलं. एक थेंबही खाली सांडू दिला नाही.

आता आजचं वाचन बघा. दावीद अदुल्लामच्या गुहेत आहे आणि बेथलेहेमात पलिष्ट्यांचा तळ पडला आहे. दाविदाला आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीचं पाणी प्यावंसं वाटतं. त्याचे तीन वीर शत्रूची फळी फोडून ते पाणी घेऊन येतात. पण दावीद ते पीत नाही, परमेश्वरासमोर ओततो. कारण त्या पाण्यात त्याला माणसांचं रक्त दिसतं. जीव धोक्यात घालून आणलेलं पाणी त्याला सहज घशाखाली घालवत नाही.

पाणी दाविदानेही नाकारलं आणि मीही. पण त्याला त्या पाण्याची किंमत कळली होती. मला फक्त पोट बिघडायची भीती होती.

घरी येऊन नळ उघडला तेव्हा मला हे कळलं. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांमध्ये भातसा सर्वात मोठा, एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा त्याचाच. ते धरण शहापूर तालुक्यात आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेलं तानसा धरणही तिथलंच. डोंबिवली-अंबरनाथकडे जाणारं बारवीचं पाणी घ्या, त्या धरणाखाली मुरबाड तालुक्यातल्या गावांच्या जमिनी गेल्या. आणि दर उन्हाळ्यात याच भागातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. म्हणजे आजींच्या तालुक्यातलं पाणी मी रोज पितच होते, फक्त माझ्या घरात ते हंड्याऐवजी पाइपातून येत होतं.

त्या दिवशी कितीतरी घरांना कुलूप होतं. आम्ही वैतागलो, यादी चुकली म्हणून. चौकशी केली तेव्हा कळलं, ती कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर गेली होती. पावसाळ्यानंतर हातात पैसा नसतो, मग मालकाकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला पोराबाळांसह पुढचा पावसाळा येईपर्यंत भट्टीवर राबायचं. हिशेब मालकाच्या वहीत. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे, पण उचलीची गाठ अजून सुटलेली नाही. आपल्या इमारतींच्या भिंतीतली वीट अशाच हातांनी थापलेली असते. यशया ५८ मध्ये देव त्याला आवडणारा उपास सांगतो, तेव्हा भुकेल्याला भाकर देण्याच्याही आधी तो बंधनं सोडण्याबद्दल बोलतो. आपण तो क्रम विसरतो आणि थेट भाकरीवर येतो.

चौथ्या शतकातले मिलानचे बिशप संत अँब्रोज यांची एक शिकवण पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या आपल्या परिपत्रकात पुन्हा सांगितली. तिचा सारांश असा: गरिबाला तू जे देतोस ते तुझं नसतं, त्याचंच तू त्याला परत करत असतोस. आधी मला हे वाक्य जरा जास्तच वाटायचं. आता शहापूरच्या नकाशाकडे बघितलं की ते साधं हिशेबाचं वाटतं.

म्हणजे धान्य वाटणं चुकीचं होतं का? अजिबात नाही. त्या दिवशी घरोघरी चूल पेटली. पण आम्ही दाते म्हणून गेलो होतो आणि खरं तर देणेकरी होतो. देणेकरी माणूस फोटो काढत नाही. तो आधी विचारतो, "तुमचं काय राहिलंय?"

पुढच्या खेपेला आम्ही तेवढंच विचारलं. बायका म्हणाल्या, धान्य ठीक आहे, पण वर पाड्यावर टाकी असती तर टँकर तिथेच रिकामा झाला असता, चढ वाचला असता. या वर्षी आमच्या उपवासाचे पैसे त्या टाकीसाठी बाजूला ठेवतोय.

आज एवढं करा: पाण्याचा पहिला ग्लास हातात घेतल्यावर क्षणभर थांबा. हे कुठून आलं आणि यासाठी कोण चढून गेलं, हे स्वतःला विचारा. मग तुमचं दान ठरवा.

प्रार्थना: हे प्रभू, तू विहिरीपाशी बसून शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितलंस. देण्याआधी मागण्याची ही नम्रता मलाही दे. पुढच्या वेळी आजींनी तांब्या पुढे केला, तर तो दोन्ही हातांनी घ्यायला शिकव. आमेन.