खोडलेलं उत्तर

चि. मनूस,


काल फोनवर तू तणतणत होतीस, तेव्हा मी मुद्दामच गप्प राहिले. पाचवीला भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज घेतलीस, पाठ टाचणाबरहुकूम झाला. मागे बसलेल्या तुझ्या सहाध्यायींपैकी चौघींनी निरीक्षण वहीत ‘आवाज स्पष्ट, फलकलेखन सुबक’ असं लिहिलं आणि एकीने लिहिलं, ‘खिडकीजवळच्या मुलाने १/२ + १/३ = २/५ मांडलं. फळ्यावरचं उत्तर पाहून खोडलं. शिक्षिकेच्या लक्षात आलं नाही.’ झालं, तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

चौघींच्या शेऱ्यांचं मला कौतुक नाही. ‘तू माझं बरं लिही, मी तुझं लिहिते’ हा व्यवहार आमच्या डी.एड.च्या वेळीही चालायचा. फळ्यापाशी उभं राहिलं की मुलांचे चेहरे दिसतात. वह्या दिसतात त्या मागे बसलेल्यांना. त्या एकीने वही पाहिली.

आता त्या मुलाचं बघ. एका चाचणीत २ पैकी १ गुण, दुसरीत ३ पैकी १, म्हणजे एकूण ५ पैकी २. असंच धरतो ना आपण? त्याने तेच केलं. वेडगळपणा नाही तो. अपूर्णांकांच्या बेरजेत दोन्ही तुकडे सारख्याच भाकरीचे लागतात, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. लसावि काढून समच्छेद करायची रीत तू चोख शिकवलीस, पण ती कशासाठी, ते राहून गेलं. तू त्याला एवढंच विचारायला हवं होतंस: अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तरी २/५ म्हणजे अर्ध्याहून कमीच कशी? आणि विचारून थांबायचं. (हे थांबणं मला जमायला बारा वर्षं लागली.)

तुमच्या सूक्ष्म अध्यापनाच्या चक्रात पाठाला ६ मिनिटं, प्रत्याभरणाला ६ आणि पुनर्नियोजनाला १२ असतात. शिकवण्याच्या दुप्पट! ती १२ मिनिटं चहात जातात, हे मला ठाऊक आहे. आमचीही जायची.

निरीक्षण करणाऱ्या मैत्रिणीला ‘कसा झाला गं पाठ?’ असं विचारलंस तर ‘छान’ हेच ऐकू येणार. त्यापेक्षा आधीच सांगून ठेव, या दोन वह्यांवर नजर ठेव आणि मुलं काय खोडतात ते लिहून आण. ती सांगत असताना मध्ये बोलू नकोस. ‘पण वेळच कमी होता’ हे माझं ठरलेलं वाक्य. एकदा ते ऐकून मैत्रिणीने वही मिटली. पुढे वर्षभर तिने मला ‘छान’ एवढंच लिहिलं.

कुणी साडीच्या रंगावर शेरा मारला, तर तो मात्र खुशाल सोडून दे.

गुरुवारी हाच पाठ दुसऱ्या तुकडीवर आहे म्हणालीस. कागदाच्या सारख्या मापाच्या दोन पट्ट्या ने. एकीचे दोन भाग, दुसरीचे तीन. मग दोन्हींचे सहा-सहा करून मुलांनाच मोजू दे. आणि खोडलेलं उत्तर टिपणाऱ्या त्या मुलीला मागच्या बाकावर बसायला तू स्वतः जाऊन सांग.

तुझी,
मावशी