वाचन आणि टिपणांची जोडणी

आपल्यापैकी पुष्कळ जण वाचताना वहीत टिपणे काढतात. वही भरते, कपाटात जाते आणि वर्षभराने आपण काय वाचले ते आपल्यालाच आठवत नाही. प्लेटोच्या ‘फेड्रस’ या संवादात सॉक्रेटिस हीच भीती बोलून दाखवतो: लिहून ठेवले की माणूस स्मरणाचे कष्ट सोडून देतो. मग टिपणे काढूच नयेत काय? जरूर काढावीत, मात्र ती एकमेकांशी जोडावीत.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान (१९२७-१९९८) यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक असे. समजा, २१ क्रमांकाच्या चिठ्ठीवरून पुढचा विचार सुचला, तर त्याची चिठ्ठी ‘२१अ’ म्हणून तिच्या मागेच बसे. दूरच्या एखाद्या चिठ्ठीशी संबंध दिसला, तर तिचा क्रमांक तेथेच नोंदवला जाई. अशा संग्रहाच्या आधारे त्यांनी पन्नासहून अधिक पुस्तके लिहिली.

आपल्याला एवढा पसारा नको. तीन गोष्टी पुरेत:

१. एका कागदावर एकच विचार लिहावा, तोही आपल्या शब्दांत. खाली पुस्तकाचे नाव व पान नोंदवावे.

२. कागदाला क्रमांक द्यावा.

३. हा विचार कोणत्या जुन्या टिपणाशी जुळतो किंवा कोणत्या टिपणाला छेद देतो, ते शोधून त्याचा क्रमांक लिहावा आणि ‘का’ हे एका वाक्यात सांगावे.

यातले ‘का’ सर्वांत महत्त्वाचे. समजा, एका टिपणात १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामांची माहिती आहे आणि दुसऱ्यात स्त्रियांच्या घरातील स्थानाविषयी. दोन्ही शेजारी ठेवली की प्रश्न पडतो: दुष्काळी कामावर राबणाऱ्या बाईची मजुरी घरात कोणाच्या हाती पडत असेल? हा प्रश्न कदाचित दोन्ही पुस्तकांत नसेल. तो जोडणीतून उभा राहिला. येथे आपण लेखकाचे नुसते ऐकत नाही, स्वतः विचार करू लागतो. पुढचे पुस्तकही मग आपण त्या प्रश्नाचे उत्तर शोधत वाचतो.

तेव्हा या आठवड्यात नवी वही आणण्याची घाई नको. जुन्या वहीतील पाच टिपणे निवडू या, ती सुट्या कागदांवर उतरवू या आणि त्यांतील निदान दोन टिपणांचा संबंध एका वाक्यात लिहू या. घरातील विद्यार्थ्यांनाही सोबत बसवू या.