हवेतील कार्बनचा जमाखर्च

हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे मापन सुरू केले. तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. उन्हाळ्यात उत्तर गोलार्धातील वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी तो शोषून घेतात. हिवाळ्यात श्वसनामुळे व पालापाचोळा कुजल्यामुळे तो हवेत परततो. हा जमाखर्च वर्षाअखेर जवळजवळ जुळतो. परंतु दगडी कोळसा व खनिज तेल जाळून मानव भूगर्भातील पुरातन कार्बनही हवेत सोडतो. त्यापैकी सुमारे निम्मा सागर व वनस्पती सामावून घेतात. उरलेला हवेतच साठतो. २०२४ साली तेथील सरासरी ४२० भागांहून अधिक भरली.