यंत्रबुद्धीची झेप आणि मानवाची जबाबदारी

स्वतःपेक्षा सरस यंत्र घडविणारे यंत्र मानवाने निर्माण केले, तर पुढे काय होईल? ब्रिटिश गणितज्ञ आय. जे. गुड यांनी १९६५ साली या प्रश्नाची तर्कशुद्ध मांडणी केली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामी ते ॲलन ट्यूरिंग यांचे सहकारी होते. यंत्राची रचना करणे हे बुद्धीचेच काम होय. म्हणून मानवाहून बुद्धिमान यंत्र आपल्याहून सरस यंत्र घडवील, ते त्याहून सरस घडवील आणि या साखळीत मानव मागे पडेल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक व विज्ञानकथालेखक व्हर्नर विंजी यांच्या १९९३ च्या निबंधामुळे या कल्पनेस ‘सिंग्युलॅरिटी’ हे नाव रूढ झाले. नेहमीचे नियम जेथे लागू पडत नाहीत, अशा बिंदूस गणितात हा शब्द योजतात. हे वळण २००५ ते २०३० या काळात येईल, असा विंजी यांचा अंदाज होता. रे कुर्झवाईल यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात २०४५ हे वर्ष सांगितले.

वादाचे मूळ

कुर्झवाईल यांचा भर वाढीच्या वेगावर आहे. एका चकतीवर मावणाऱ्या विद्युत घटकांची संख्या ठराविक काळाने दुप्पट होते, हे गॉर्डन मूर यांनी १९६५ साली दाखविले. १९७५ साली त्यांनी हा काळ दोन वर्षांचा धरला. दर दोन वर्षांनी दुप्पट म्हणजे वीस वर्षांत १०२४ पट.

परंतु वाढ अशीच चालू राहील काय? ज्वारीचे ताट सुरुवातीस झपाट्याने वाढते. कणीस बाहेर पडल्यावर त्याची उंची थांबते. संगणक उद्योजक पॉल ॲलन यांनी २०११ साली असाच आक्षेप घेतला. मेंदूचे कार्य जसजसे खोलवर अभ्यासावे, तसतशी त्याची गुंतागुंत वाढतच जाते. केवळ गणनेचा वेग वाढल्याने आकलन वाढत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

अनुभव दोन्ही बाजूंना सावध करणारा आहे. १९९७ साली ‘डीप ब्लू’ या संगणकाने बुद्धिबळातील जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह यास हरविले. तथापि त्या संगणकाला बुद्धिबळापलीकडचे काही येत नव्हते. आजची यंत्रे मात्र लेख लिहितात, भाषांतर करतात आणि संगणकाचे कार्यक्रमही रचतात. त्याच वेळी ती चुकीची माहिती ठामपणे देतात, हेही दिसून आले आहे.

आजचे कर्तव्य

हा वाद केव्हा मिटेल, यावर आजचे कर्तव्य अवलंबून नाही. सरस यंत्र हा मानवाने लावावयाचा शेवटचा शोध ठरेल, असे सांगताना गुड यांनी एक अट घातली होती : ते यंत्र मानवाच्या नियंत्रणात राहिले पाहिजे. ही अट साध्या यंत्रासही लागू पडते. यंत्राने केलेल्या छाननीत एखाद्या गरजूचे नाव लाभार्थींच्या यादीतून गळले, तर कारण कोणी सांगावयाचे आणि चूक कोणी दुरुस्त करावयाची? त्या गरजूला उत्तर देणारा माणूस असलाच पाहिजे. यंत्राची बुद्धी कितीही वाढो, उत्तरदायित्व त्याच्यावर सोपविता येत नाही. हे भान शाळेत रुजविणे आणि कार्यालयात व पंचायतीत पाळणे, ही त्या नियंत्रणाची पहिली पायरी होय.