दूरचा पाहुणा

हवाई बेटांपैकी माउई या बेटावर हालेआकाला नावाचा एक उंच ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या माथ्यावरील दुर्बिणीने घेतलेली छायाचित्रे तपासीत असता १९ ऑक्टोबर २०१७ रोजी रॉबर्ट वेरिक या खगोलशास्त्रज्ञास एक अंधुक ठिपका सरकताना आढळला. त्याचा मार्ग गणिताने मांडला, तेव्हा सारेच चकित झाले. आपले ग्रह सूर्याशी जणू दाव्याने बांधलेले असतात. या वस्तूचा वेग मात्र इतका होता की, तिला बांधून ठेवणे सूर्यालाही शक्य नव्हते. ती दुसऱ्याच कोण्या ताऱ्याच्या अंगणातून आली होती. असा पाहुणा माणसाने पूर्वी कधीच पाहिला नव्हता. हवाईच्या भाषेत त्याचे ‘ओमुआमुआ’, म्हणजे दुरून आलेला पहिला दूत, असे नाव ठेवण्यात आले.

पाहुणा मोठा विलक्षण निघाला. दर सात-आठ तासांत त्याचे तेज सुमारे दहापट कमीअधिक होई. त्यावरून तो काठीसारखा लांबट किंवा थाळीसारखा चपटा असावा व कोलांट्या खात चालला असावा, असे अनुमान निघाले. याहून मोठे कोडे २०१८ साली पुढे आले. सूर्यापासून दूर जाताना त्याचा वेग जितका मंदावावयास हवा होता, तितका तो मंदावत नव्हता. जणू कोणी त्याला हलकेच पुढे ढकलीत होते. धूमकेतूतून वायू उसळतात व त्यांच्या जोराने तो ढकलला जातो, हे ठाऊकच आहे. पण येथे ना शेपटी दिसली, ना धूळ.

त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठातील आवी लोब व श्मुएल बिआली यांनी एक धाडसी तर्क मांडला. सूर्यप्रकाशालाही किंचित दाब असतो. ही वस्तू एक मिलिमीटरहूनही पातळ असेल, तर वाऱ्याने शीड ढकलावे तशी ती प्रकाशाने ढकलली जाईल. मग असे शीड कोण्या परक्या बुद्धिमान प्राण्यांनी तर घडविले नसेल ना?

मुलांनो, हे वाचून तुमचे डोळे विस्फारले असतील. माझेही विस्फारले होते! बहुतेक शास्त्रज्ञांना मात्र हा तर्क पटला नाही. अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीने डिसेंबर २०१७ मध्येच कान देऊन पाहिले होते. कोणताही संदेश ऐकू आला नव्हता. अर्थात मुके यान असूच शकत नाही, असे त्यावरून ठरत नाही. २०२३ साली जेनिफर बर्गनर व डॅरिल सेलिगमन यांनी निराळी उपपत्ती दिली. ताऱ्यांमधील दीर्घ प्रवासात विश्वकिरणांच्या माऱ्याने बर्फातील पाण्याचे विघटन होते आणि सुटलेला हायड्रोजन बर्फातच अडकून राहतो. सूर्याची ऊब लागताच तो निसटतो. धूळ मात्र उडत नाही. लोब यांनी या उपपत्तीतील उष्णतेच्या हिशेबावरच आक्षेप घेतला.

हा वाद पाहुण्याला पुन्हा न्याहाळून मिटविता येण्याजोगा नाही. २ जानेवारी २०१८ रोजी हबल दुर्बिणीला त्याचे अखेरचे दर्शन घडले. जी काही निरीक्षणे हाती आहेत, ती त्या अडीच महिन्यांतलीच.