यंत्राचा सूर आणि मनाचा भाव

चित्रपट आपण केवळ डोळ्यांनीं पाहतों, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु त्याचा बराचसा परिणाम कानांवाटे होत असतो. उदाहरणार्थ, 'चॅरिअट्स ऑफ फायर' हा १९८१ सालचा इंग्रजी चित्रपट घेऊं.

ह्यू हडसन यांनीं दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची कथा १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिक सामन्यांची आहे. एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूंनीं रविवार हा प्रभूचा दिवस मानून त्या दिवशीं होणारी १०० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी सोडली, आणि पुढें ४०० मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळविलें.

अशा जुन्या कथेस वाद्यवृंदाचें संगीत योजणें स्वाभाविक होतें. परंतु व्हँजेलिस या ग्रीक संगीतकारांनीं पियानोच्या जोडीस सिंथेसायझर हें विद्युद्वाद्य घेतलें. त्यांत तार नाहीं कीं भाता नाहीं. विद्युत्प्रवाहाच्या आंदोलनांतून ध्वनि निर्माण होतो व वादक त्यास हवें तसें रूप देतो.

आरंभींचें दृश्य पाहा. समुद्रकिनाऱ्यावर शुभ्र पोशाखांतील तरुण अनवाणी धांवत आहेत. चित्राची गति मुद्दाम मंद केली आहे. ध्वनि बंद केला, तर पाण्यानें भिजलेले कांहीं तरुण एवढेंच दिसेल. पण संगीतांत एकच स्वर तंबोऱ्याच्या तारेप्रमाणें समान अंतरानें घुमत राहतो आणि त्यावर पियानोची साधी सुरावट उमलते. तो स्वर पावलांचा व हृदयाचा ठेका होतो. त्यामुळें मंद चित्रांतही वेग भासतो, आणि शरीराच्या श्रमांत अंतःकरणाची निष्ठा दिसूं लागते. शिवाय हा ध्वनि १९२४ च्या काळचा नसल्यामुळें ते धावपटू आपल्याच पिढीचे वाटतात. या संगीतास १९८२ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. यंत्र निर्जीव खरें. पण तें वाजविणारें मन सजीव असतें.

तथापि, विद्यार्थिमित्रांनो, एक गोष्ट ध्यानांत असूं द्या. संगीत आपणांस न विचारतां आपल्या मनांत भाव उत्पन्न करतें. पण चित्रपट संपतांच तो ओसरूं लागतो. लिडेल १९२५ सालीं मिशनरी म्हणून चीनमध्यें गेले आणि १९४५ सालीं तेथील जपानी बंदिछावणींत निवर्तले. तेथें त्यांच्या धैर्यास साथ देण्यास चित्रपटाचें संगीत नव्हतें.